पेरेंट केअरर फोरमच्या कार्यकारी गटात जावे का? (इंग्लंडमधील पालकांना प्रश्न)

निंबोणी:

नमस्कार मंडळी. आम्ही चार वर्षांपासून इंग्लंडच्या दक्षिण भागात राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा असून तो स्वमग्न आहे आणि अजून मोजकेच शब्द बोलतो. गेल्या वर्षी त्याचा ईएचसी प्लॅन (मुलाला शिक्षण, आरोग्य व काळजीसाठी कोणती मदत द्यायची हे ठरवणारा कायदेशीर आराखडा) झाला. कायद्याने वीस आठवड्यांत व्हायला हवा होता, त्याला अकरा महिने लागले. त्या काळात मला खरा आधार मिळाला तो आमच्या भागातील पेरेंट केअरर फोरमच्या (अपंग व विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांच्या गटाच्या) चहाच्या बैठकांचा. कोणता अहवाल कोणाकडून मागायचा आणि मसुद्यातले कोणते वाक्य गुळमुळीत आहे, हे मला तिथल्या आयांनी शाळेच्या सेन्कोपेक्षा (विशेष गरजांचे काम पाहणाऱ्या शिक्षकापेक्षा) नीट समजावून सांगितले.

आता त्याच फोरमने मला कार्यकारी गटात येण्याविषयी विचारले आहे. महिन्याला साधारण दोन बैठका असतात आणि त्यातली एक काउन्सिल (स्थानिक प्रशासन) व एनएचएसच्या (सरकारी आरोग्य सेवेच्या) अधिकाऱ्यांबरोबर असते. येत्या वर्षात स्पीच थेरपीची सेवा आणि मुलांना शाळेत नेणाऱ्या टॅक्सी व मिनीबस या दोन्हींचा फेरविचार व्हायचा आहे, त्यासाठी त्यांना पालक हवे आहेत.

जावेसे वाटते, पण मन कचरते. गटात मी एकटीच भारतीय असेन, त्यामुळे मला माझ्या म्हणण्यासाठी बोलावले आहे की फोटोत एक सावळा चेहरा हवा म्हणून, हे कळत नाही. यजमानांचे म्हणणे असे, की ज्या काउन्सिलकडून मुलाला मदत घ्यायची त्याच काउन्सिलच्या अधिकाऱ्यांसमोर बसून त्यांच्या चुका दाखवल्या, तर त्याचा राग प्लॅनच्या पुढच्या वार्षिक आढाव्यात निघेल. शिवाय आम्ही अजून कामाच्या व्हिसावर आहोत. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

पायवाट:

निंबोणीताई, मी मिडलंड्समधल्या एका फोरमच्या कार्यकारी गटात पाच वर्षे आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची असून तिला बौद्धिक अक्षमता आहे. माझे उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

हे फोरम कोणाच्या मेहेरबानीवर चालत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. 2007 साली सरकारने अपंग मुलांसाठी एक मोठा कार्यक्रम जाहीर केला, त्यातून पालकांच्या सहभागासाठी पहिल्यांदा पैसा आला. पुढे 2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज कायद्याने काउन्सिलला बंधन घातले, की विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सोयींचा आढावा घेताना मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी सल्लामसलत केलीच पाहिजे, आणि ‘लोकल ऑफर’वर (भागातील सोयींच्या जाहीर यादीवर) आलेल्या सूचना व त्यांना दिलेली उत्तरे प्रसिद्ध केलीच पाहिजेत. फोरमचा उल्लेख मूळ कायद्यात नसला तरी त्यानंतरच्या 2015 च्या कोड ऑफ प्रॅक्टिसमध्ये (कायदा कसा पाळायचा हे सांगणाऱ्या सरकारी मार्गदर्शिकेत) तो स्पष्टपणे आहे. आज इंग्लंडभर असे सुमारे 150 फोरम आहेत. शिक्षण खात्याचे अनुदान ‘कॉन्टॅक्ट’ या संस्थेमार्फत येते. 2023-24 मध्ये ते प्रत्येकी 17,500 पाउंड होते. एवढ्या पैशात एक अर्धवेळ समन्वयक, सभागृहाचे भाडे आणि बिस्किटे भागतात, म्हणून बरेच फोरम काउन्सिलकडूनही पैसे घेतात. तुमच्या फोरमने घेतले असतील तर तो करार आधी वाचायला मागा. जाहीर टीकेआधी काउन्सिलला कळवण्याची अट त्यात असेल, तर ती माहीत असलेली बरी.

आता प्रत्यक्ष काम. आमच्याकडे टॅक्सीच्या निविदा निघाल्या तेव्हा अधिकाऱ्यांच्या तक्त्यात दर मैलाचा खर्च, मार्गांची संख्या आणि एका गाडीत किती मुले बसवता येतील एवढेच रकाने होते. आमच्या गटातील एका आईने सांगितले, की सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी चालक बदलला, गाडी करड्या रंगाऐवजी पांढरी आली आणि तिचा मुलगा चाळीस मिनिटे फुटपाथवर बसून राहिला. चालकाला पुढची मुले घ्यायची होती, त्यामुळे तो निघून गेला आणि त्या दिवशीच्या नोंदीत ‘पालकांनी मूल पाठवले नाही’ असे लिहिले गेले. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कंत्राटे पाहणाऱ्या बाईंनीच विचारले, की निविदेत नेमके कोणते वाक्य घातले तर हे टळेल? त्या दुपारी आम्ही तीन अटी लिहून दिल्या: चालक किंवा मदतनीस बदलणार असेल तर घरी आधी कळवावे, सत्र सुरू होण्यापूर्वी दोघांचे व गाडीचे छायाचित्र पाठवावे आणि मूल गाडीत बसायला तयार नसेल तर निघण्यापूर्वी पालकांशी बोलून खरे कारण नोंदवावे. त्या कंत्राटात गेल्या आणि आजही आहेत. यात माझ्या मुलीचा काहीच फायदा झाला नाही, तिची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

फोरमचे काम बहुतेक असेच असते. पत्राचा मजकूर, अर्जातला प्रश्न, बैठकीची वेळ, कंत्राटातली एक ओळ. मोठी धोरणे त्या खोलीत ठरत नाहीत आणि तशी अपेक्षा ठेवून गेलेले पालक सहा महिन्यांत कंटाळून सोडतात.

स्पीच थेरपीचा फेरविचार होणार आहे, एवढ्याच कारणासाठी तुम्ही जावे असे मला वाटते. तुम्हालाही कोणीतरी सांगितले असेल, आम्हालाही सांगितले होते, की मुलाशी घरी मराठी बोलणे थांबवा, फक्त इंग्रजी बोला. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे दोन वर्षे आजी-नातीत संभाषणच राहिले नाही. त्यामागे कोणताही आधार नव्हता, हे नंतर कळले. थेरपिस्टांची इथली व्यावसायिक संस्थाच सांगते, की दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही आणि घरची भाषा सोडू नये. उलट बाजूही आहे. घरची भाषा वेगळी असणे एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असे ठरवता येत नाही, असे 2014 च्या कायद्यात लिहिलेले आहे. पण ज्याला खरोखर अडचण आहे अशा मुलाला ‘घरी दुसरी भाषा आहे ना, येईल हळूहळू’ म्हणून दोन वर्षे रांगेबाहेर ठेवतात. हे दोन्ही प्रकार त्या खोलीत इंग्रज आई कशी सांगणार? तिच्या घरी ते घडतच नाही. फोटोसाठी बोलावले असेल तरी चालेल, खुर्ची मिळाली की हा विषय मांडा.

यजमानांच्या भीतीबद्दल. फोरम कोणाच्याही वैयक्तिक प्रकरणात पडत नाही आणि तुम्हीही त्या बैठकीत आपल्या मुलाची फाइल उघडू नये. त्यासाठी पालकांना माहिती व सल्ला देणारी तुमच्या भागातली सेंडियास सेवा आहे, इप्सीसारखी कायदेशीर सल्ला देणारी संस्था आहे आणि शेवटी ट्रायब्युनल (अपिलाचे न्यायाधिकरण) आहे. प्लॅनच्या ‘एफ’ विभागात लिहिलेली शैक्षणिक मदत देणे काउन्सिलवर बंधनकारक आहे, ती कोणाच्या मर्जीने कमी होत नाही. एक अधिकारी दोन महिने माझ्याशी तुटकपणे वागले, हे खरे. त्यापलीकडे काही झाले नाही.

जाता जाता एक. ‘पेरेंट केअरर’ला मराठीत शब्द सापडत नाही, कारण आई-बाप म्हटले की सांभाळणे आलेच, त्याला वेगळे नाव कशाला, असे आपल्याला वाटते. ‘केअरर’ म्हणजे पगारी बाई, असे माझी पत्नी कितीतरी वर्षे समजत होती. पण इथल्या कायद्यात त्या शब्दावर हक्क टांगलेला आहे. अपंग मुलाला सांभाळणारे पालक स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन काउन्सिलकडे मागू शकतात. आपली माणसे स्वतःला केअरर म्हणवत नाहीत, म्हणून ते मागतही नाहीत.

ओलावा:

पायवाट यांनी चांगली बाजू मांडली आहे, मी दुसरी मांडते. मी दोन वर्षांनी राजीनामा दिला.

सुटीतल्या शॉर्ट ब्रेक्सचे (पालकांना विसावा मिळावा म्हणून मुलांना सांभाळण्याच्या सोयीचे) तास कमी करण्याचा प्रस्ताव आमच्यासमोर आला तेव्हा तो ‘चर्चेसाठी मसुदा’ होता, पण त्या तासांची कपात पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेली होती. आम्ही विरोध नोंदवला. तीन आठवड्यांनी जे पत्रक घरोघरी गेले, त्यावर ‘पालक फोरमच्या सहभागाने तयार केलेले’ असे छापले होते आणि खाली आमचे बोधचिन्ह होते. मुलांच्या शाळेच्या फाटकाशी मला त्याचा जाब द्यावा लागला. म्हणून ताई, पहिल्याच बैठकीत हे ठरवून घ्या, की फोरमचे नाव व चिन्ह लेखी संमतीशिवाय वापरले जाणार नाही आणि विरोध केला असेल तर तो इतिवृत्तात विरोध म्हणूनच लिहिला जाईल.

अधिकारी वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. जानेवारी 2015 मध्ये इंग्लंडमध्ये ईएचसी प्लॅन आणि त्यांच्या आधीच्या पद्धतीची ‘स्टेटमेंट’ मिळून सुमारे 2,40,000 होती, जानेवारी 2025 मध्ये प्लॅनची संख्या 6,38,745 झाली. 2024 साली निम्म्याहून कमी नवे प्लॅन वीस आठवड्यांच्या मुदतीत निघाले. तिजोरीत पैसा नाही आणि मानसशास्त्रज्ञ मिळत नाहीत, अशा वेळी ‘आपण मिळून सेवा घडवू या’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘कपातीत तुम्हीही सही करा’ असा होतो. कागद पहिल्यांदा कधी दाखवतात, यावरून तो अर्थ ओळखता येतो. कोरा असताना दाखवला तर सहभाग, छापायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात दाखवला तर सोपस्कार.

माझ्या दोन वर्षांतला खरा उपयोगाचा आठवडा तपासणीचा होता. ऑफस्टेड (शाळा व मुलांच्या सेवांचे तपासनीस) आणि सीक्यूसी (आरोग्य व काळजी सेवांचे तपासनीस) मिळून अख्ख्या भागाच्या सेवांची तपासणी करतात आणि त्यात फोरमच्या प्रतिनिधींना भेटतात. आमच्याकडे पालकांच्या अनुभवांची तारीखवार वही होती, त्यामुळे ‘आमच्याकडे प्रतीक्षा कमी होत आहे’ हे अधिकाऱ्यांचे विधान टिकले नाही. तुम्ही गेलात तर अशी वही पहिल्या दिवसापासून ठेवा, नावे न लिहिता.

आणि बैठक सकाळी दहा वाजता असेल तर ती बदलायला लावा. रात्रपाळी करून आलेली आई आणि नोकरी करणारा बाप त्या वेळेला येत नाहीत, मग ‘पालकांचे मत’ म्हणून पाच-सहा घरांचेच मत नोंदले जाते.

हिशोबनीस:

व्हिसाच्या प्रश्नापुरते लिहितो. फोरमचे सदस्यत्व आणि मुलाचा ईएचसी प्लॅन यांपैकी काहीही ‘पब्लिक फंड्स’मध्ये (कामाच्या व्हिसावर घेता न येणाऱ्या सरकारी लाभांत) मोडत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स (अपंग मुलासाठीचा सरकारी भत्ता) मात्र मोडतो. प्रवास आणि मुलाला सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च फोरम परत देत असेल तर तो खर्चच असतो. काही ठिकाणी बैठकीचे मानधनही देतात. कामाच्या व्हिसावर ते स्वीकारण्यापूर्वी इमिग्रेशन सल्लागाराला विचारावे, किंवा सरळ नाकारावे.

गोदाकाठ:

आम्ही सात वर्षे लंडनच्या उपनगरात राहून आता नाशिकला परतलो आहोत. थोडे विषयांतर वाटेल, पण हे वाचताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवले नाही म्हणून लिहिते.

इथे आल्यावर मी सगळ्यांना विचारत होते, की आपल्याकडे असा फोरम का नाही. सरकारी पैशावर चालणारा तसा फोरम मला आढळला नाही, हे खरे, पण खुर्ची कायद्याने ठेवलेली आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शासकीय, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. 2012 च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश त्या वंचित गटात झाला. शासकीय आणि स्थानिक संस्थेच्या शाळेत ही समिती शाळा विकास आराखडा करते, म्हणजे रॅम्प, विशेष शिक्षकाच्या भेटी, स्वच्छतागृह या गोष्टी त्यात लिहवून घेता येतात. माझ्या मुलाच्या शाळेत ही तरतूद मुख्याध्यापकांनाही ठाऊक नव्हती. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, मग तुम्हीच या.” मी गेले. तिथे बैठक कशी चालवायची, इतिवृत्तात काय लिहवून घ्यायचे, हे मी तुमच्याकडच्या फोरममध्ये मागच्या रांगेत बसून शिकले होते. त्या वेळी मला इंग्रजी बोलायचा संकोच वाटत होता, म्हणून मी एकदाही तोंड उघडले नाही, याची आज खंत वाटते.

निंबोणी:

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठताई, तुमचे शेवटचे वाक्य यजमानांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण बैठकीच्या दिवशी लवकर घरी येईन असे म्हणाले.

मी होकार कळवला आहे आणि त्याबरोबर फोरमचा काउन्सिलशी असलेला करार व गेल्या वर्षाची इतिवृत्ते मागितली आहेत. पहिली बैठक पुढच्या महिन्यात सकाळी दहालाच आहे, तेव्हा वेळेचा विषय तिथेच काढेन. पायवाट, तुमच्या निविदेतल्या त्या तीन अटींची मूळ इंग्रजी वाक्ये मला पाठवाल का?

पायवाट:

आज रात्री पाठवतो. चौथीही एक अट होती, गाडीत मोठ्याने रेडिओ लावू नये अशी. ती कंत्राटदारांनी मान्य केली नाही. तुम्ही पुन्हा मागून पाहा.