फ्लॅट, ऑफिस आणि चार महिने पाऊस: रोज तासभर उघड्यावर जाईल असं काय करता येईल?

पर्वरी_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, ऑफिस पणजीत पाटोला, साडेनऊ ते सहा, ये-जा स्कूटरने. घरात ८ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांचे वडील. हिशेब मांडला तर कामाच्या दिवशी उघड्यावरचा वेळ वीस मिनिटंही भरत नाही, तोही हेल्मेटच्या आत. रविवारी बीचवर जा हा सल्ला नको. रोजच्या दिवसात बसेल असं हवं आहे. अडचणी तीन: मार्च ते मे उकाडा, जून ते सप्टेंबर पाऊस, आणि डास. बाल्कनी ३ फूट बाय ९ फूट, तोंड पश्चिमेला.

मांडवीकाठ

नवा तास काढायला जाल तर तो पहिल्या पावसात मोडेल. आज छपराखाली करता त्या कामांतली तीन-चार बाहेर हलवा, तेवढ्यात तास भरतो.

सर्वांत मोठी संधी तुमच्या येण्या-जाण्यात आहे. स्कूटर पुलावरून नेण्याऐवजी मांडवीच्या अलीकडच्या काठावर, बेतीला ठेवा आणि फेरीबोटीने पणजीत उतरा. पायी प्रवाशाला तिकीट नाही, पाण्यावरची पाच-सात मिनिटं उघड्या डेकवर उभं राहता येतं. पणजीच्या धक्क्यावरून जुन्या सचिवालयाच्या बाजूने निघून ओरें खाडी ओलांडली की पाटो. आरामात चाललात तरी पंधरा-वीस मिनिटं. बोटीची वाट पाहण्यासकट एका बाजूला अर्धा तास उघड्यावर जातो. घरून २५ मिनिटं लवकर निघावं लागेल, हे आधीच मान्य करून टाका.

हे बहुतेक दोन कारणांनी फसतं. एक, पहिल्याच आठवड्यात पाचही दिवस धरले जातात. मंगळवार आणि गुरुवार एवढेच ठेवा, महिनाभराने तिसरा दिवस जोडा. दुसरं कारण घाम. चालणं थांबलं तरी घाम दहा-एक मिनिटं येतच राहतो, म्हणून पोचल्या पोचल्या शर्ट बदललात तर तोही भिजतो. आधी पंख्याखाली बसा, पंचाने मान-पाठ पुसा, मग बदला. शर्ट घडी करून नको, गुंडाळून न्या, चुण्या कमी पडतात. मुसळधार पावसात किंवा वारा फार असेल तर फेरी थांबू शकते, त्या दिवशी सरळ पुलावरून जा.

सकाळच्या पावासाठी दाराला पिशवी अडकवणं बंद करा. पोदेरचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की वडिलांना घेऊन खाली उतरा. आवारात एक फेरी, दोन शब्द शेजाऱ्यांशी, दहा मिनिटं झाली. फोनवरची लांब बोलणीही खाली उभं राहून करता येतात, फक्त कागद बघावे लागणार नाहीत असे कॉल निवडा.

वेळापत्रक वर्षभर एकच ठेवू नका, लोक इथेच चुकतात. जानेवारीत गोव्यात सूर्य सातनंतर उगवतो, मे अखेरीस सहाच्या सुमारास. नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी सहा-सव्वासहालाच मावळतो, म्हणजे ऑफिस सुटेपर्यंत उजेड संपलेला. त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं बाहेर काढा, ऊन सोसतं. एप्रिल ते ऑगस्ट सूर्य पावणेसात-सातपर्यंत असतो, तेव्हा संध्याकाळ वापरा आणि दुपार सोडून द्या. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी आपली सावली पायाखाली येते, त्या उन्हात चालून काही मिळवायचं नाही.

कधी दम जिरवायचा असेल तर मळ्यातल्या मारुती देवळाकडून आल्तिनोच्या टेकडीवर चढा आणि पलीकडून महालक्ष्मीच्या देवळाच्या बाजूला उतरा. बराचसा रस्ता झाडांखालून जातो.

चिखलवाट

पावसाबद्दल थोडं, कारण खरं मोडतं ते तिथे.

आपला पाऊस सरींनी येतो. जून-जुलैचे काही दिवस सोडले तर दिवसात उघडीप मिळतेच. निघण्याआधी हवामान खात्याच्या गोवा रडारचं चित्र पाहा. समुद्रावरून ढगांचा पट्टा येताना दिसत नसेल तर वीस मिनिटं बहुधा मोकळी आहेत. 'पाऊस थांबला की जाऊ' असं म्हणत बसलात तर दिवस जातो. सामान दाराशी तयार असलं तरच उघडीप सापडते: छत्री, मागे पट्टा असलेली रबरी सँडल, छोटा पंचा, आणि फोनसाठी झिपची प्लास्टिक पिशवी. घट्ट रेनकोट घालून चाललात तर आतून घामाने तेवढेच भिजता. वारा नसेल तर मोठी छत्रीच बरी.

सँडलचा तळ बोटाने चाचपून पाहा. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर चिऱ्याच्या पायऱ्यांवर पाय सरकणारच. चिऱ्यावरचं शेवाळ हिरवं असताना दिसतं तरी, वरून काळं पडलं की नुसता ओला दगड वाटतो, आणि माणूस तिथे पडतो. बिल्डिंगच्या पायऱ्या पंधरा दिवसांतून एकदा ब्लीचिंग पावडर आणि खराट्याने घासून घ्या. वडील उतरणार असतील तर त्यांनी पायरीच्या कडेला, कठड्याला हात लावूनच उतरावं. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, नाहीतर जुलैत चिखल्या ठरलेल्या.

विजांचा खरा धोका मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर घरात या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबा. माडाखाली आडोसा घेऊ नका. एरवीही माडाखाली खुर्ची टाकायची नसते, नारळ आणि झावळी सांगून पडत नाही.

परसातली_बाय

तीन फुटांत खुर्ची बसते, पण आधी कपड्यांचा स्टँड हलवा. छताला कप्पीची दांडी लावलीत की खालची जागा पूर्ण मोकळी. खुर्ची घडीची आणि प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घ्या. वेताला पावसाळ्यात बुरशी धरते आणि मग तिच्यावर कोणी बसत नाही.

पश्चिमेची बाल्कनी दुपारी तीननंतर तापते, म्हणून तुमचा चहा तिथे सकाळी. संध्याकाळी बसायचं तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बाहेरच्या बाजूने टांगा, पण खालचा फूटभर भाग उघडा ठेवा. खारा वारा दुपारी पश्चिमेकडूनच येतो, तो अडवला तर सावली असूनही जीव घुसमटतो. जूनच्या आधी जाळी काढून ठेवा, पावसाच्या वाऱ्यात फाटते.

रोज बाहेर पाय पडावा असं वाटत असेल तर रोज पाणी मागणारं काहीतरी लावा. ऑक्टोबरात पाऊस गेला की तांबडी भाजी सर्वांत सोपी. सहा इंच खोल ट्रे, तळाला भोकं. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट सारख्या भागांत. बी काळं, चकचकीत आणि खसखशीएवढं असतं, चिमटीतून एका जागी ढीग पडतो. म्हणून एक चमचा बियांत पाच चमचे कोरडी वाळू मिसळा आणि मीठ भुरभुरावं तसं पेरा. वर मातीचा अगदी पातळ थर. पहिले तीन दिवस मुंग्या बी पळवतात, ट्रेच्या कडेने राखेची रेघ ओढा. तीन ते पाच दिवसांत लालसर रेषा दिसू लागतात. दोन इंचांवर एक रोप ठेवून बाकीची उपटा, तीही आमटीत चालतात. दाट ठेवलीत आणि रात्री पाणी घातलंत तर रोपं बुंध्याशी मऊ होऊन आडवी पडतात, म्हणून पाणी सकाळीच. २५-३० दिवसांत भाजी तयार.

पावसाळ्यात त्याच कठड्यावर वालची भाजी, म्हणजे मायाळू, चढवा. १२ इंची कुंडी भिजल्यावर पंधरा किलोच्या आसपास जाते, तेव्हा ती भिंतीच्या बाजूला जमिनीवर ठेवा. कठड्यावर कुंडी कधीच नको, खाली माणसं चालतात.

उजेड_मोजणारा

मुलाचा मुद्दा कुणी घेतला नाही आणि तो महत्त्वाचा आहे. मुलांमध्ये लांबचं धूसर दिसून चष्मा लागणं (मायोपिया) कमी व्हावं म्हणून रोज साधारण दोन तास उघड्यावरचा वेळ सुचवला जातो. तैवानने २०१० पासून शाळांमधून दिवसाला १२० मिनिटांचा कार्यक्रमच राबवला. कारण उजेडाच्या मोजमापात आहे: दिवे लावलेल्या खोलीत ३०० ते ५०० लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंत जातो. म्हणजे ऊन अंगावर घ्यायची गरज नाही, सावली चालते. गृहपाठातलं पाठांतर आणि दुपारचं खाणं खाली आवारात हलवा. शाळेतली मधली सुट्टी मैदानात जाते का तेही विचारा, कारण दोन तास एकट्या घराने भरत नाहीत.

वडिलांसाठी आवारात गेटजवळ एक बाक मागून घ्या. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच उंच आणि हाताला आधार असावा. खाली धसणाऱ्या खुर्चीतून उठताना गुडघे बोलतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस उतरायचं टाळतो. जुन्या घरांत सोप्यावर बसून रस्त्याशी बोलणं व्हायचं, ती सोय बिल्डिंगमध्ये मुद्दाम करावी लागते.

चिखलवाट

डासांचं राहिलं. 'संध्याकाळी दारं लावली की झालं' हा समज अर्धवट आहे. डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. मलेरियाचा अंधार पडल्यावर. म्हणजे बाहेर बसायच्या तुमच्या नेमक्या वेळा. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम घोट्यांना आणि कोपरांना लावा. गवती चहाच्या वासाची तेलं लवकर उडून जातात. सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, मलम नंतर. कुंडीखालच्या ताटल्या, करवंट्या, गच्चीवरचं ताडपत्रीतलं पाणी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी ओता. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही.

पर्वरी_तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवार-गुरुवार बेतीची फेरी पक्की. एक शेवटचं: मुलाला चोडणच्या पक्षी अभयारण्यात न्यायचं तर किती वाजता?

मांडवीकाठ

घड्याळापेक्षा ओहोटी बघा. रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलात की डॉ. सलीम अली अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे, खारफुटीतून पायवाट जाते. भरतीला चिखल पाण्याखाली असतो आणि काही दिसत नाही. ओहोटीच्या आधी तासभर पोचा, तेव्हा चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे बाहेर येतात, आणि त्यांच्यामागे बगळे नि तुतवार. ऑक्टोबर ते मार्च उत्तम. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि मुलाला दुर्बीण दिलीत तर गळ्यात दोरीने अडकवून द्या.

ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या रविवारी सकाळी आठला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरतीच्या आसपास पोचाल. एक आड एक रविवार धरा, आणि निघण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पाहून घ्या.