हाइंडकास्टला मराठीत काय म्हणावं?

खाजण : अरबी समुद्राच्या आपल्या किनाऱ्यालगतच्या मागच्या तीस वर्षांचं संगणकावर केलेलं हाइंडकास्ट, म्हणजे घडून गेलेल्या काळातला समुद्र संगणकात पुन्हा चालवून पाहणं. याला ‘भूतकालीन भाकीत’ म्हटलेलं वाचलं. घडून गेलेल्याचं भाकीत कसं?

सुकती : ‘पश्चानुमान’ घ्या, पूर्वानुमानाला जोडीदार मिळतो. ‘भूतानुमान’ही सुचतं, पण कोकणात त्याचा अर्थ भलताच लागेल. ‘पुनर्विश्लेषण’ (रीअॅनालिसिस) मात्र इथे नको, ती वेगळी चीज आहे. पश्चानुमानात वारा, ऊन, पाऊस त्या-त्या तारखेचे देतात, बाहेरच्या कडांवर मोठ्या क्षेत्राच्या प्रतिमानातले (संगणकी मॉडेलमधले) प्रवाह आणि तापमान देतात, आणि आतला समुद्र मोकळा सोडतात. पुनर्विश्लेषणात उपग्रहांची आणि आर्गो तरंगकांची (समुद्रात वाहत तापमान-क्षारता मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रांची) मोजमापं मिसळून प्रतिमानाला वरचेवर वळणावर आणलं जातं. मग त्याच मोजमापांशी ते ताडून काय कळणार? पेपर आधीच फुटलेला. (गंमत अशी, की पश्चानुमानाला दिलेला वारा बहुधा ईआरए५ चा, म्हणजे वातावरणाच्या पुनर्विश्लेषणातलाच असतो.)

खाजण : आणि स्पिन-अप, म्हणजे प्रतिमान स्थिरावेपर्यंतचा सुरुवातीचा काळ?

पाणकावळा : मुरवण. लोणच्याची. सुरुवातीला बहुधा दीर्घकालीन सरासरी तापमानाचं आणि क्षारतेचं निश्चल पाणी भरतात. प्रवाह आणि घनता एकमेकांत मुरायला किनारी प्रतिमानातही काही वर्षं जातात. तेवढी वर्षं टाकून द्यायची, नाहीतर प्रतिमानाचं नुसतं स्थिरावणं समुद्राची तापमानवाढ म्हणून खपून जातं.

खाजण : मुरवण आवडला. ‘डेली आउटपुट’ला ‘दैनिक नोंद’ चालेल?

सुकती : नाही, इथेच घोळ होतो. सरासरी की एका क्षणाची नोंद? चंद्रामुळे येणारी मुख्य भरती दर १२.४२ तासांनी येते. रोज दुपारी १२ ला एकच नोंद ठेवली, तर तीच भरती १४.७७ दिवसांची संथ लाट होऊन दिसते. उधाण-भांगाचं चक्रही तेवढंच, त्यामुळे शंकाही येत नाही. गोव्यापेक्षा मुंबईला भरती कितीतरी मोठी, तिथे ही खोटी लाट खऱ्या प्रवाहाला झाकून टाकते.

पाणकावळा : २४ तासांच्या साध्या सरासरीतही थोडी भरती उरतेच. तासागणिक नोंदी ठेवून २४, २४ आणि २५ तासांच्या सरकत्या सरासऱ्या एकावर एक घ्याव्यात. मालिकेच्या दोन्ही टोकांचे ३५-३५ तास जातात, जाऊ द्या.

सुकती : तेव्हा शब्द दोन हवेत : ‘दैनिक सरासरी’ आणि ‘दैनिक क्षणनोंद’. नुसतं ‘दैनिक’ लिहू नये.