धडगाव ते नंदुरबार: ऑक्सिजन पुरेल का?

प्रश्न: धडगावहून नंदुरबारला रुग्ण गाडीतून न्यायचाय. ऑक्सिजनचा बी-टाइप सिलिंडर, दाबाचा काटा १०० बारवर, रुग्णाला मिनिटाला १० लिटर चालू. किती वेळ मिळेल?

उत्तर: भाऊ, बी-टाइपची पाणीक्षमता (आत मावेल तेवढं पाणी) साधारण १० लिटर. दाब गुणिले क्षमता, १०० गुणिले १० म्हणजे १००० लिटर ऑक्सिजन. शेवटचे २० बार राखीव धरा. उरले ८०० लिटर, म्हणजे ८० मिनिटं. घाटातून जायचं तर दुसरा भरलेला सिलिंडर हवाच.

दुसरं उत्तर: मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत काटा थोडा जास्त दाखवतो, गॅस तेवढाच असतो. जोडावर साबणपाणी लावा, बुडबुडे आले तर वॉशर बदला. तेल-ग्रीस चुकूनही नको, पेट घेतं!

प्रश्नकर्ता: आणि सिलिंडर उघडायची चावी?

उत्तर: सिलिंडरलाच साखळीने बांधा. ऐनवेळी तीच सापडत नाही.