शब्दचर्चा : ‘निमलष्करी’, ‘मिलिशिया’ आणि हुकूम कोणाचा?

औदुंबर :
मंडळी, एका वाक्यावर अडलोय. युगोस्लाव्हिया फुटताना क्रोएशियातल्या सर्बांनी क्रायना म्हणून वेगळा प्रदेश काढला होता, त्यावर लेख लिहितोय. १९९१ मधे क्नीन शहराजवळ गोलुबिचला ट्रेनिंग सुरू झालं, शिकवायला ऑस्ट्रेलियातून परत आलेला द्रागान वासिल्कोविच, म्हणजे ‘कॅप्टन द्रागान’. माझं वाक्य असं आहे : ‘निमलष्करी दलाच्या प्रशिक्षण शिबिराच्या कमांडवरून वाद झाले.’ व्याकरण ठीक आहे पण वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही. काय बदलू?

कोरांटी :
पहिलं ‘निमलष्करी’ काढा. आपल्याकडे निमलष्करी म्हटलं की सीआरपीएफ, बीएसएफ. निवडणुकीच्या बंदोबस्ताला येतात ते. म्हणजे कायद्याने उभं केलेलं, दिल्लीच्या गृहखात्याखालचं दल. निमसरकारी मधे जसं अर्धं तरी सरकार असतंच तसं निमलष्करी वाचताना माणूस गृहीत धरतो की कुठलंतरी राज्य याला जबाबदार आहे, आणि क्रायनात तर नेमकं तेच कोणी कबूल करत नव्हतं. ज्या प्रदेशाला जगाने मान्यताच दिली नाही तिथल्या शस्त्रधारी पोरांना हा शब्द लावला की त्यांना फुकटचा सरकारी शिक्का मिळतो. मी ‘सशस्त्र स्वयंसेवक’ किंवा सरळ ‘हत्यारबंद तुकड्या’ लिहीन.

औदुंबर :
मग ‘मिलिशिया’ चालेल का? तिथल्या दलाचं नावच ‘मिलित्सिया क्रायिने’ होतं.

कोरांटी :
नाही नाही, इथेच सगळे फसतात! युगोस्लाव्हियात मिलित्सिया म्हणजे साधे पोलीस. चौकातला हवालदारसुद्धा मिलित्सियाचाच. मराठी पेपरात मिलिशिया म्हणजे बेरूतमधली गाडीवर मशीनगन लावून फिरणारी टोळी. त्यामुळे ‘क्रायनाचं पोलीस दल’ असंच भाषांतर हवं, नाहीतर मिलान मार्तिच कोण होता हेच कळत नाही. तो क्नीनचा पोलीस अधिकारी, नंतर क्रायनाचा गृहमंत्री झाला, त्याच्या मागे सर्बियाची गुप्तचर सेवा, म्हणजे तिचे अधिकारी स्तानिशिच आणि सिमातोविच. दुसऱ्या बाजूला मिलान बाबिच, पेशाने दातांचा डॉक्टर, सरकारचा प्रमुख, प्रादेशिक संरक्षण दल त्याच्याकडे. शिवाय युगोस्लाव्ह सैन्य तिथे होतंच. एवढ्याशा प्रदेशात हत्यारं घेतलेले किती मालक बघा. मे १९९१ मधे पोलिसांच्या खास तुकड्या काढल्या त्या उभ्या केल्या गृहखात्यात आणि अधिकार दिला संरक्षण मंत्रालयाला, म्हणजे गोंधळ कागदावरच लिहून ठेवलेला.

पळसफूल :
वाचतेय. कमांडसाठी मराठीत एक शब्द धरून बसू नका, आपल्याकडे तीन चांगले आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. अखत्यार म्हणजे नियमाने मिळालेला अधिकार. ताबा म्हणजे जागा, कोठार, किल्ल्या कोणाकडे. आणि हुकमत म्हणजे कोणी बोललं की पोरं उठतात. बाबिच सरकारचा प्रमुख, त्याच्याकडे अखत्यार होता, गोलुबिचवर हुकमत नव्हती. त्याने स्वतः हेगच्या कोर्टात, म्हणजे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, याला ‘समांतर रचना’ म्हटलं, म्हणजे सरकारच्या शेजारी सर्बियाच्या राजधानीतून, बेलग्रेडहून चालणारी दुसरी साखळी. हा भेद नुसता भाषेचा नाहीये. हेगच्या खटल्यांत हा प्रश्न आला, कोर्ट त्याला ‘प्रभावी नियंत्रण’ म्हणायचं, कागदावर साहेब कोण ते पुरत नव्हतं, तुकडीला थांबवायची आणि शिक्षा करायची ताकद खरंच कोणाकडे होती ते बघायचे. मार्तिचला ३५ वर्षांची शिक्षा झाली. स्तानिशिच आणि सिमातोविच २०१३ ला सुटले, फेरखटला झाला, २०२३ ला अपिलात १५-१५ वर्षांची शिक्षा. ज्यांची माणसं गेली त्यांनी एवढी वर्षं हुकूम कोणाचा याच्या उत्तरासाठी काढली, म्हणून लेखात ‘कमांड’ असं गुळगुळीत लिहून सोडू नका प्लीज.

उंदीरकानी :
जुन्या मराठी फौजेतला बारगीर-शिलेदार फरक इथे लावता येईल का? बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारचं, शिलेदाराचं स्वतःचं. गोलुबिचची पोरं कोण?

पळसफूल :
बारगीरच, हत्यार वरून आलेलं. फक्त घोडा देणारा मालक चारचौघात नाव सांगत नव्हता. लेखात मात्र हा शब्द नको, आजच्या वाचकाला टीप द्यावी लागेल.

कोरांटी :
‘शिबिर’ पण बदला, कॉलेजचं श्रमदान आठवतं. ‘छावणी’ घ्यावी तर आमच्या भागात छावणी म्हणजे दुष्काळातली चारा छावणी. ‘प्रशिक्षण तळ’ बरा आहे.

औदुंबर :
मग असं लिहितो : ‘गोलुबिचचा प्रशिक्षण तळ क्रायना सरकारच्या हद्दीत होता, पण तिथे हुकमत सरकारप्रमुख बाबिचची नव्हती, मार्तिच आणि त्याच्या पाठीशी असलेल्या बेलग्रेडच्या गुप्तचर अधिकाऱ्यांची होती.’ लांब झालंय.

पळसफूल :
लांब असू दे. ‘हद्दीत’च्या जागी ‘अखत्यारीत’ घाला, मग पुढचा ‘पण’ नीट बसेल. आणि द्रागानचं नाव त्याच परिच्छेदात येऊ दे, २०१७ ला क्रोएशियातल्या स्प्लितच्या कोर्टाने त्याला शिक्षा केली ती युद्धगुन्ह्यांसाठी. त्याला नुसता ‘प्रशिक्षक’ लिहून पुढे जाऊ नका.