लग्नाचे वेळापत्रक आणि दोन्ही घरांच्या अपेक्षा यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न

माझे लग्न साडेचार महिन्यांवर आले आहे. तारीख आणि सभागृह ठरले आहे, बाकी जवळजवळ काहीच नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे तयारीसाठी शनिवार-रविवारच हाताशी असतात. मी ६४ कामांची यादी केली, प्रत्येक कामापुढे तारीख घातली आणि ती दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सर्वांनी लगेच अंगठ्याचे चिन्ह पाठवले. आता वाटते की त्यांनी मला अस्सल मराठी अर्थानेच अंगठा दाखवला होता. पाहुण्यांची यादी बंद करायच्या दिवशी आईने १८ नावे वाढवली, आणि निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मी पक्का केल्याचे कळताच होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला कोणी विचारलेसुद्धा नाही." मी अधिक कडक व्हावे की ही यादीच मोडीत काढावी?

प्रतिसाद १

यादी मोडीत काढू नका, पण तिच्यात एक रकाना कमी आहे. काम आणि तारीख तुम्ही लिहिली. अंतिम शब्द कोणाचा, हे लिहिले नाही. एखाद्याला विचारणे, त्याला कळवणे आणि निर्णय त्याच्यावर सोपवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लग्नघरातली बहुतेक धुसफुस कोणाला यांपैकी काय अपेक्षित होते हे आधी न बोलल्यामुळे होते. सासूबाईंना मजकूर ठरवायचा होता की फक्त वाचायचा होता, हे तुम्हाला आज तरी ठाऊक आहे का?

माझ्या भावाच्या लग्नात मंचाच्या सजावटीवरून आमच्याकडे तीन आठवडे वाद चालला होता. शेवटी वहिनींनी एका संध्याकाळी दोन्ही घरच्यांना एकत्र बसवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: कोणती एक गोष्ट झाली नाही तर तुम्हाला पुढे रुखरुख लागेल? वडिलांनी सांगितले की त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना पुढच्या दोन रांगांत जागा हवी. एका आत्याला फक्त तिचे गाणे वगळले जाऊ नये असे वाटत होते. सजावटीचे नाव कोणीही घेतले नाही, अगदी तीन आठवडे भांडलेल्या काकांनीसुद्धा! अशी बैठक लवकर घ्यावी. पैसे भरून झाल्यावर ती निव्वळ तक्रारसभा होते.

आईंच्या १८ नावांबद्दल सांगायचे तर, "यादी बंद" हे तुमचे फर्मान वाटते तोवर ती बंद होणार नाही. त्या तारखेवर काय काय अवलंबून आहे ते सांगावे: पत्रिकांची छपाई, खुर्च्या, गाड्या, मुक्कामाच्या खोल्या. शिवाय घरात सांगायची तारीख प्रत्यक्ष गरजेच्या आठवडाभर आधीची ठेवावी. याला लबाडी म्हणा हवे तर, पण ती लागतेच.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, तरीही मुळात तुमच्या तारखाच फार आशावादी असाव्यात अशी शंका येते. साडेचार महिने म्हणजे सुमारे १९ आठवडे, अर्थात सुट्टीचे ३८ दिवस, आणि त्यांतले काही आजारपणात किंवा दुसऱ्यांच्या समारंभांत जाणारच. डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते की स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस सातत्याने कमी धरतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. म्हणून "मला किती वेळ लागेल" असे स्वतःला विचारू नका. नुकतेच लग्न झालेल्या दोघातिघांना "तुम्हाला किती लागला" असे विचारा. ज्या कामांत दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहावे लागते, उदाहरणार्थ कपडे शिवून घेणे आणि छपाई, ती सर्वांत आधी सुरू करा.

प्रतिसाद ३

प्रत्यक्ष दिवसाबद्दल एवढेच: सामूहिक फोटोंचा वेळ मोजून ठेवा. एका गटाला बोलावून, उभे करून फोटो घ्यायला चार मिनिटे धरली, तर २५ गटांना १०० मिनिटे लागतात, आणि तीही कोणी चष्मा आणायला गेले नाही तर. दोन्ही बाजूंकडचे चेहरे ओळखणारा एकेक नातेवाईक यादी देऊन त्या कामाला लावा, आणि त्या दिवशी तुमचा फोन दुसऱ्या कोणाकडे तरी द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल तो तिसरा रकाना भरायला बसले, तर ६४ पैकी ४१ कामांपुढे अंतिम शब्द माझाच निघाला. आईच्या १८ नावांचा राग तिथेच निम्मा ओसरला. पत्रिका अजून छपाईला गेलेली नसल्याने मजकूर रात्री सासूबाईंना पाठवला. त्यांना एक शब्दही बदलायचा नव्हता. फक्त पहिल्याच ओळीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांनी दाखवली, जी आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली होती.