आईचे टाय आणि पोराचा टाय

वऱ्हाडची_लेक:
आमच्या घरात सध्या ळ वरून राडा चालूय. माहेर अकोला, सासर पुणे, आणि आई दोन महिन्यांसाठी आलीये. आमच्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, डोळ्याचा डोया, शाळेची शाया. परवा एकादशीला भजनाला जायचं म्हणून आईनं नातवाला हाक मारली, "बापू, माहे टाय आन बरं." पोरगं कपाट उचकून शाळेचा टाय घेऊन आलं! तिला पाहिजे होते टाळ. हसून हसून मेलो सगळे, पण आता तोपण 'सकाय झाली' म्हणायला लागलाय आणि नवऱ्याला टेन्शन, शाळेत चिडवतील म्हणून. टोकायचं का त्याला?

चिंचवडचा_भाडेकरू:
राहू द्या हो. माझा रूममेट लखनौचा, वर्षभर मराठी शिकतोय, ळ कसाबसा जमला पण च नं जीव खाल्लाय त्याचा. 'चार चाकं' म्हणायला लावा, दोन्ही च सेम. 'आमचा' मधला च वेगळा आणि 'आमची' मधला वेगळा असं सांगितलं तर म्हणे लिहिता तर एकच, मग मी ओळखू कसा? बरोबरच आहे की त्याचं. त्यात राहतो चिंचवडला, एकाच नावात दोन्ही च, म्हणजे रोज रिक्षावाल्यापुढे तोंडी परीक्षा 😂

आगरी_पोऱ्या:
आमच्यात ण चा न आणि ळ चा ल. अलिबागवरून मुंबईला कॉलेजात आलो तेव्हा 'पानी' म्हटलं की अख्खा बाक खिदळायचा. तीच पोरं कँटीनवाल्याला हिंदीत 'पानी देना' म्हणायची तेव्हा कोणाला हसू येत नव्हतं. हिंदीत चालतं, मराठीत म्हटलं की गावठी, हे काय लॉजिक? अजिबात टोकू नका ताई.

ओसरीवरचा_काका:
टोकू नका, पण घरात ळ पण कानावर पडू दे, पोरं आजीशी एक आणि बाईंशी एक बरोब्बर बोलतात. तसा ळ काही कालचा नाही, ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' नं होते. पण उत्तरेत टिळकांचे तिलक झाले ते आपण चालवून घेतलंच ना, मग आईंचे टाय का नकोत? एक करा, त्यांना 'काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले' म्हणायला लावा आणि कळवा.

वऱ्हाडची_लेक:
लावलं काका! "काये राये गोरे राये, रायात राये मिसयले", सलग पाच वेळा, कुठ्ठे अडखळली नाही. नवरा दुसऱ्याच फेरीत 'लाळ्यात राळे' वर आपटला.