जर्नलचा शिक्का आणि प्रीप्रिंटची ‘रद्दी’

तळटीप :
काल इथे ‘काटेकोर’ यांनी लिहिले की प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्यापूर्वीच लेखकांनी इंटरनेटवर खुला ठेवलेला शोधनिबंध) म्हणजे निव्वळ रद्दी असून जर्नलमध्ये येण्यापूर्वी त्याचा हवाला देणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा उतावळा. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने २२ मे २०२० रोजी कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधावरचा जो निबंध छापला, तो रीतसर पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, होऊनच आला होता. सहा खंडांतल्या ९६ हजार रुग्णांचे आकडे त्यात होते. त्यावर विसंबून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. आणि ४ जूनला, म्हणजे पुरते दोन आठवडेही झाले नसताना, निबंध मागे घ्यावा लागला, कारण मूळ आकडे तपासायला मिळालेच नाहीत. रिव्ह्यूअरांनी काय पाहिले होते? त्यांना दाखवले तेवढेच.

उलट त्याच जूनमध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ या कोविडवरच्या औषधांच्या चाचणीचा डेक्सामेथासोन या औषधावरचा निबंध प्रीप्रिंट म्हणून आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे त्यात होते. जर्नलमध्ये तो जुलैच्या मध्यात आला. मधले साडेतीन आठवडे डॉक्टरांनी शिक्क्याची वाट पाहत बसायला हवे होते, असे आपले म्हणणे आहे काय?

काटेकोर :
‘उतावळा’ हा शब्द मी मागे घेत नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या संशोधकांचा प्रीप्रिंट आला, की नव्या करोना विषाणूच्या काट्यातले (स्पाइक प्रथिनातले) चार तुकडे एचआयव्हीशी विलक्षण जुळतात. इतके छोटे तुकडे इतर असंख्य जीवांच्या प्रथिनांतही सापडतात. लेखकांनी दोनच दिवसांत तो मागे घेतला. परंतु आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘भारतीय शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ हा निरोप पुढे दीड वर्ष फिरत राहिला, आणि तो मागे घेतल्याचे मी तीनदा कळवले तेव्हा ‘तुम्हाला चीनचा फार पुळका’ हे मलाच ऐकावे लागले. आपले रिकव्हरीचे उदाहरण सोयीचे आहे, एवढेच.

देवराई :
दिल्लीचा प्रीप्रिंट दोन दिवसांत पडला तो उघड्यावर होता म्हणूनच. वाचणाऱ्यांनी चुका तिथेच खाली लिहिल्या. २०१८ मध्ये बंगळुरूहून सोन्याचांदीच्या सूक्ष्म कणांत सामान्य तापमानाजवळ अतिवाहकता (वीज कसलाही रोध न होता वाहणे) आढळल्याचा प्रीप्रिंट आला, तेव्हा अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाला आलेख निरखताना दिसले की दोन वेगळ्या चुंबकीय क्षेत्रांतल्या मोजमापांतली बारीक थरथर, जी दर वेळी निराळी यायला हवी, ती ठिपक्यामागे ठिपका तीच आहे, फक्त खालीवर सरकलेली. बंद खोलीतल्या दोन रिव्ह्यूअरांना ते दिसलेच असते, याची हमी कोण देणार? आणि पीअर रिव्ह्यू काही अनादी काळापासून चालत आलेला नाही. ‘नेचर’ या नामवंत विज्ञान-जर्नलने तो सरसकट सक्तीचा केला १९७३ मध्ये, डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध त्याविनाच छापला होता.

चारच वर्षे उरली :
लॅन्सेट आणि नेचरच्या गप्पा वाचून करमणूक झाली. आमच्याकडे ‘पीअर रिव्ह्यूड’ हे शब्द मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांकाशेजारी (नियतकालिकाचा निव्वळ ओळख क्रमांक) छापलेले असतात, आणि तेवढ्यावर काम भागते. गाडीला आरटीओचा नंबर मिळाला म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असे नाही, हे संस्थाचालकांना कोण सांगणार? २०१७ मध्ये एका चर्चासत्रासाठी मी अठराशे रुपये भरून गुरुवारी रात्री निबंध पाठवला. शुक्रवारी सकाळी ‘दोन तज्ज्ञांनी विनादुरुस्ती शिफारस केली’ असे पत्र आले. घाईत माझ्या दुसऱ्या पानाच्या जागी अंतर्गत परीक्षेचे वेळापत्रक गेले होते. विशेषांकात ते जसेच्या तसे छापून आले, पर्यवेक्षकांच्या नावांसकट. पुढे मे २०१८ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती गेली ती थेट २०२२ मध्ये. तोवर किती वेळापत्रके छापली गेली असतील?

रानवारा :
सर, अठराशे रुपये आपणच भरलेत, बढतीचे गुणही आपणच घेतलेत, आणि आता दोष मात्र पद्धतीचा! आपल्यासारख्यांमुळेच ती दुकाने चालली.

चारच वर्षे उरली :
होय, भरले. माझी बढती सहा वर्षे अडली होती आणि घरी मुलीच्या शिक्षणाचे कर्ज होते. आपण कोणत्या निर्मळ ठिकाणी नोकरी करता, ते कळले तर मीही अर्ज करीन.

तळटीप :
कृपया व्यक्तिगत होऊ नये. विषय प्रीप्रिंटचा आहे.

रानवारा :
विषय हाच आहे. ज्या देशात शिक्का अठराशे रुपयांना मिळतो, तिथे शिक्क्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तरी सरांच्या कर्जाविषयी बोलायला नको होते.

काटेकोर :
विकत मिळणाऱ्या शिक्क्याला मी पीअर रिव्ह्यू म्हणत नाही. मी स्वतः आठ वर्षे रविवारची सुट्टी घालवून, एक छदामही न घेता, निबंध तपासतो आहे. एकदा ४० रुग्णांच्या अभ्यासात ‘३३.७ टक्के रुग्णांना गुण आला’ असे वाचले. चाळीस जणांत १३ म्हणजे ३२.५ आणि १४ म्हणजे ३५. मधला माणूस आणायचा कुठून? मी विचारणा केली, तेव्हा लेखकांनी उत्तर न देता निबंध काढून घेतला. अशी चाळणी प्रीप्रिंटला नसते. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे, तर तोच निबंध पाच महिन्यांनी दुसऱ्या ‘पीअर रिव्ह्यूड’ जर्नलमध्ये आला. तळटीप यांना यात आनंद होणार असेल, तर त्यांनी तो खुशाल मानून घ्यावा.

तळटीप :
आनंद नाही. तो आधी प्रीप्रिंट म्हणून आला असता, तर आपली शंका त्याखाली सर्वांना दिसली असती. आता ती त्या संपादकांच्या ईमेलमध्ये पडून आहे.

चारच वर्षे उरली :
त्या दुसऱ्या जर्नलची फी किती होती?

काटेकोर :
ठाऊक नाही. ३३.७ मात्र अजून तसेच आहे.